चकमकीच्या बंदुकीचे किट: तीन नमुन्यांपैकी धाकट्या भावासाठी कोणता निवडावा?

बंडीवाला (आर्वी तालुका, जि. वर्धा) यांचा प्रश्न:

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या वाढईकाम करणारे. आजोबांनी आणि वडिलांनी उभी हयात बंड्या (बैलगाड्या), वखर आणि तिफणी करण्यात घालवली. मीही तेच करतो, फक्त आता बंड्या कमी आणि दारे-खिडक्या जास्त. धाकटा भाऊ मात्र शिकून अमेरिकेत गेला, पेनसिल्व्हेनिया राज्यात स्थायिक झाला, आता तिथला नागरिक आहे आणि काही वर्षांपासून रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. त्या राज्यात नाताळ उलटल्यावर, ऐन बर्फाच्या दिवसांत, केवळ चकमकीच्या बंदुकीने, म्हणजे पोलादावर गारगोटी आपटून पडणाऱ्या ठिणगीने बार होणाऱ्या बंदुकीने, हरणाची शिकार करण्याचा एक वेगळा हंगाम असतो आणि तो १९७४ पासून चालत आला आहे, हे मला त्याच्याकडूनच कळले.

आमच्या आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरायची बंदूक होती. ती चकमकीची नव्हती, घोडा पडताच फुटणाऱ्या टोपीने बार होणारी होती, आणि त्यांच्या पश्चात आम्ही ती नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा केली. परंतु रात्री तुरीच्या वावरात जागलीला गेल्यावर आजोबा गजाने बार ठासत असत, तो ठक-ठक आवाज भावाच्या कानांतून गेलेला नाही. म्हणून आता त्याला तयार बंदूक नको आहे. किट मागवून, हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी स्वतःच्या हाताने जुळवायची आहे. नळी आटे नसलेली, म्हणजे गुळगुळीत हवी, कारण शरद ऋतूत खारी आणि ससे यांच्यासाठी छर्रे आणि नाताळानंतर हरणासाठी एकच गोळी, अशी दोन्ही कामे त्याला एकाच बंदुकीकडून करून घ्यायची आहेत.

त्याने तीन नमुने निवडून त्यांची चित्रे मला पाठवली आहेत. पहिला ब्राउन बेस, म्हणजे इंग्रजी पलटणींची पाऊण इंच व्यासाची बंदूक. दुसरा फ्रान्समधल्या तुल गावच्या धर्तीची, कॅनडातल्या फ्रेंच वसाहतींत वापरली जाणारी शिकारीची बंदूक, २० बोअरची. तिसरा नॉर्थवेस्ट ट्रेड गन, म्हणजे हडसन बे कंपनीसारखे व्यापारी तिथल्या मूळ रहिवाशांना कातड्यांच्या बदल्यात देत असत ती, २४ बोअरची. त्याचे मन पहिल्या नमुन्यावर आहे, कारण ती दिसायला भारदस्त आहे. भावाची उंची पाच फूट चार इंच आहे, हेही सांगून ठेवतो. त्याच्याकडे यंत्रे नाहीत. वडिलांनी दिलेल्या चार पटाश्या, दोन कानशी आणि एक लहान रंधा एवढेच आहे.

लाकडाचे मला कळते, बंदुकीचे कळत नाही. तेव्हा बोअर कोणता घ्यावा, किट किती तयार अवस्थेतले असावे आणि पैसे मोजण्यापूर्वी नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे. येथे भारतात असे काही करण्याचा आमचा अजिबात विचार नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

निवृत्त मास्तर (अमरावती) यांचे उत्तर:

आपण शेवटचे वाक्य लिहिलेत ते बरे केले, कारण हा धागा उद्या एखादा शेतकरी मित्र वाचेल आणि त्याला वाटेल की असे किट आपणही मागवावे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणे किंवा जुळवणे हा गुन्हा आहे, आणि शिकारीला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने बंदी आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरासाठीसुद्धा वनखात्याची लेखी परवानगी लागते. गंमत अशी की याच शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. आपल्या आजोबांचा परवाना त्याच तरतुदीतला असणार.

आता मूळ मुद्दा. बोअर म्हणजे काय ते आधी भावाला नीट समजावून सांगा, कारण आकडा वाढला की नळी लहान होते आणि नवख्या माणसाची तिथेच फसगत होते. नळीत जेमतेम बसेल अशा शिशाच्या गोल गोळ्या एका पौंडात किती होतात, तो आकडा म्हणजे बोअर. एका पौंडात २० गोळ्या बसल्या तर २० बोअर, आणि त्या नळीचा व्यास सुमारे ०.६१५ इंच, म्हणजे १५.६ मिलिमीटर येतो. १२ बोअरचा १८.५, तर २४ बोअरचा १४.७ मिलिमीटर. ब्राउन बेसचा ०.७५ इंच म्हणजे १९ मिलिमीटर झाला. त्या नळीत साधारण ०.६९ इंचाची, ३० ग्रॅमच्या वर वजनाची गोळी जाते. सैनिकाला घाईत, घाणीने भरलेल्या नळीतही गोळी चटकन खाली सोडता यावी म्हणून एवढी फट ठेवलेली असे. शिकाऱ्याला त्या फटीचा उपयोग नाही, उलट तोटाच आहे, कारण सैल गोळी नळीत आपटत जाते आणि बाहेर पडताना कोणत्या कडेला शेवटचा धक्का बसेल याचा नेम नसतो.

ब्राउन बेसविषयी मला आदर आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांसाठी बनवलेला तिचा ३९ इंची नळीचा आखूड प्रकार ‘इंडिया पॅटर्न’ म्हणूनच ओळखला जातो, आणि १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड पडला काय किंवा १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली काय, कंपनीच्या शिपायांच्या खांद्यावर याच घराण्यातली बंदूक होती. परंतु ती साडेचार किलोच्या आसपास भरते. पाच फूट चार इंचांच्या माणसाने ती बर्फातून दिवसभर वाहायची आणि शेवटी एका खारीवर रोखायची, हे मला तरी पटत नाही.

माझे मत २० बोअरला आहे. गोळी साधारण ०.६०० इंचाची, २१ ग्रॅमच्या आसपास, तीभोवती तेल लावलेली पातळ कापडी चकती. हरणाला ती पुरेशी आहे. छर्ऱ्यांसाठी जुना हिशेब असा की ज्या मापाने दारू ओतली त्याच मापाने छर्रे ओतावेत, आणि २० बोअरला तो हिशेब सुरेख जमतो. दारूचे प्रमाण मात्र नळी बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावे, माझ्यासारख्याच्या आठवणीतून नाही. शिवाय दारू आणि छर्रे यांच्यामध्ये ठासायचे त्या बोअरचे पुठ्ठ्याचे आणि लोकरीचे बोळे बाजारात तयार मिळतात.

एक अपेक्षा मात्र आधीच खाली आणून ठेवा. गुळगुळीत नळीतून सुटलेल्या एकट्या गोळीचा भरवसा ४०-५० यार्डांपर्यंतच धरावा, आणि छर्ऱ्यांचा २५ यार्डांपर्यंत. ज्याला १०० यार्डांवरचे हरीण हवे आहे त्याने आटे पाडलेली नळी घ्यावी आणि सशांचा नाद सोडावा.

दर्यापूरकर (हल्ली मुक्काम अमेरिका) यांचे उत्तर:

मास्तरांनी बोअरविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, परंतु माझ्या अनुभवाने बोअर हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न लॉकचा. घोडा, त्याच्या जबड्यातली गारगोटी, आतली कमान, रंजकेची (म्हणजे ठिणगीने आधी पेटणाऱ्या चिमूटभर दारूची) वाटी आणि वाटीवर झाकण म्हणून बसणारी पोलादी झडप, असे सगळे मिळून जे यंत्र होते ते चांगले नसेल तर बाकीची बंदूक म्हणजे कोरीव काठी.

माझे स्वतःचे सांगतो. मी पहिले किट घेतले ते स्वस्त होते म्हणून घेतले. विक्रेत्याचे नाव घेण्यात अर्थ नाही. लाकूड ठीक होते, नळी ठीक होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ओढ्याच्या वळणावर, तीस पावलांवर हरिणी येऊन उभी राहिली. मी चाप ओढला, घोडा पडला, रंजक उडाली, डोळ्यांपुढे पांढरा धूर झाला आणि बार काही झाला नाही. हरिणीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी बंदूक तशीच रोखून मिनिटभर उभा राहिलो, कारण उशिराने बार होण्याची शक्यता असते आणि तोपर्यंत नळीचे तोंड हलवायचे नसते. तिने तेवढ्या वेळात आणखी दोन ठिकाणी बर्फ उकरून खाल्ले आणि सावकाश निघून गेली. दुसऱ्या वेळी तर रंजकही पेटली नाही. घरी येऊन झडपेवर कानस फिरवली तेव्हा कानशीने सहज चरे पडले. पोलादाला पाणीच नीट दिलेले नव्हते. कडक झडपेवरून कानस नुसती घसरते. मऊ झडप ठिणग्या देत नाही, गारगोटी तिला खणत राहते.

तेव्हा भावाला सांगा की किटची किंमत पाहताना लॉक कोणी बनवले आहे ते वेगळे विचारावे, आणि पैसे वाचवायचेच असतील तर पितळी नक्षीत वाचवावेत. अंधाऱ्या खोलीत दारूशिवाय घोडा पाडून पाहावा. चांगल्या लॉकच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या असतात, वाटीत पडतात आणि क्षणभर तिथे तडतडत राहतात. वाईट लॉकच्या तांबूस असतात आणि हवेतच विझतात.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे कान. तोफांच्या कानांत खिळे ठोकल्याचे आपण इतिहासात वाचतो, तोच हा कान: वाटीतली आग नळीतल्या दारूपर्यंत नेणारे छिद्र. ते वाटीच्या वरच्या कडेच्या पातळीवर असावे, सूर्य अर्धा मावळलेला दिसतो तसे. फार खाली असेल तर ते रंजकेखाली गाडले जाते, आणि मग आग उडी मारण्याऐवजी वातीसारखी जळत जाते. चाप आणि बार यांच्यात आपल्याला जाणवेल इतके अंतर पडते. छिद्र साधारण दीड-दोन मिलिमीटरचे असते आणि आतल्या बाजूने ते शंकूसारखे रुंद केलेले असेल तर आग झटकन पोहोचते. काही किटांमध्ये हा कान तयार पाडलेला असतो, काहींत आपल्याला पाडावा लागतो. नवख्याने तयार पाडलेलाच घ्यावा.

येथे मिळणाऱ्या स्वस्त चकमकीच्या बंदुकांपैकी बऱ्याच आपल्या भारतातच बनतात आणि कान न पाडता, शोभेची वस्तू म्हणून येथे येतात. त्यांना कान पाडून वापरणारे लोक आहेत. मी ते करणार नाही, कारण इटलीत बनलेल्या नळीवर तिथल्या सरकारमान्य परीक्षणाचा शिक्का असतो, अमेरिकेतले नामांकित नळीवाले नावावर धंदा करतात, पण या नळ्यांची परीक्षा कोणी केली हे सांगणारा कोणी नसतो. देशाभिमान एका जागी आणि तोंडाजवळ फुटणारी दारू दुसऱ्या जागी.

नियमांविषयी थोडे. नाताळानंतरच्या त्या हंगामात ०.४४ इंच किंवा त्याहून मोठ्या व्यासाची, एकनळी चकमकीची बंदूक आणि एकच गोळी, असा नियम आहे. त्यामुळे तिन्ही नमुने त्यात बसतात, फक्त हरणावर छर्रे चालत नाहीत. बदके मारायची असतील तर अमेरिकाभर १९९१ पासून शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे, आणि पोलादी छर्रे या मऊ नळीला चरे पाडतात. त्यासाठी बिस्मथ धातूचे महागडे छर्रे घ्यावे लागतात. तरीही दर वर्षीची नियमपुस्तिका हातात घेऊन तपासणे हे भावाचे काम आहे, माझे किंवा तुमचे नाही.

सागवान (चंद्रपूर) यांचे उत्तर:

मी बंदूकवाला नाही, लाकूडवाला आहे, त्यामुळे तेवढ्याचपुरते लिहितो.

किती तयार अवस्थेत येतात त्यावरून किटांचे तीन प्रकार दिसतात. एकात सर्व भाग कारखान्यातच एकमेकांत बसवून, पुन्हा सुटे करून पाठवलेले असतात. घासायचे, रंगवायचे आणि स्क्रू आवळायचे. दुसऱ्यात संगणकावर चालणाऱ्या यंत्राने दस्ता, म्हणजे बंदुकीचे लाकडी अंग, इतका नेमका कापलेला असतो की नळी आणि लॉक हाताने दाबले तरी बसतात, पण कडा, पृष्ठभाग आणि धातूची सफाई आपली. तिसऱ्यात दस्ता अंदाजे आकाराचा, खाचा जवळपास पूर्ण पण मुद्दाम थोड्या कमी ठेवलेल्या, आणि लोखंडाचे भाग ओतीव अवस्थेतले. तिसऱ्यावर शंभर तास सहज जातात. ज्याच्या घरी बाप-आजा बंडीच्या तुंब्यात आरे बसवत आले त्याला तिसरा प्रकार भिववणार नाही हे खरे. पण भाऊ किती वर्षांपूर्वी पटाशीला शेवटचा हात लावून गेला, हे त्याला मोकळेपणाने विचारा. माझे मत दुसऱ्या प्रकाराला आहे.

नळी किंवा लॉक खाचेत बसवताना आपण ज्या युक्तीने चौकटीचा सांधा जुळवतो तीच चालते. तेलाच्या दिव्याची काजळी लोखंडावर धरावी, भाग खाचेत हलकेच दाबावा, उचलावा आणि जिथे लाकूड काळे झाले तेवढेच, केसाएवढे, पटाशीने काढावे. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. लॉकच्या खाचेत हे चाळीस-पन्नास वेळा करावे लागेल, आणि एकोणपन्नासाव्या वेळी माणूस वैतागून जो एक जाड तास काढतो, ती फट आयुष्यभर दिसत राहते. नळीचा मागचा टोकाचा भाग लाकडावर सपाट टेकला पाहिजे, कारण धक्का तिथेच बसतो. तिथे पोकळी राहिली तर दस्ता एक दिवस लॉकजवळ चिरतो.

आपले सागवान किंवा शिसम तिकडे पाठवण्याच्या भानगडीत पडू नये. अमेरिकी नमुन्याला मेपल आणि इंग्रजी-फ्रेंच नमुन्याला अक्रोड हीच प्रघाताची लाकडे आहेत, आणि दोन्ही कडा छान धरतात. शेवटी हात द्यायचा तो जवसाच्या तेलाचा, आणि याबाबतीत आपल्या भागाने जगाला शिकवावे अशी स्थिती आहे. मात्र घाण्याचे कच्चे तेल महिना महिना चिकट राहते, म्हणून उकळलेले म्हणून विकतात ते लवकर सुकणारे घ्यावे. बोटाने थेंब-थेंब चोळावे, तळव्याच्या उबेने जिरवावे, उरलेले पुसावे आणि एक दिवस जाऊ द्यावा. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवाव्यात. भावाचे काम गॅरेजमध्ये असेल तर गाडीही तिथेच असणार.

आता सर्वांत महत्त्वाचे, जे वरच्या दोघांनी अर्धेच सांगितले. या बंदुकांना पुढे एक माशी असते, मागे काही नसते. म्हणजे मागची माशी आपला डोळा, आणि डोळा कुठे राहील हे गाल कुठे टेकतो त्यावर ठरते. दस्ता लांब असेल तर लहान चणीचा माणूस मान ताणतो, डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो आणि गोळी दर वेळी वेगळीकडे जाते. तेव्हा चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर भावाच्या हाताला जुळलेच पाहिजे. कोपर काटकोनात वाकवून, कोपराच्या आतल्या वळणापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजावे. फार तर अर्ध्या इंचाचा फरक चालेल.

बंडीवाला (आर्वी तालुका) यांचे उत्तर:

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. काजळीचे वाचून वडील हसले. म्हणाले, बंदूकवाले आपल्यातलेच निघाले.

भावाशी काल बोललो. ब्राउन बेसचा हट्ट त्याने सोडला आहे, जरा नाराजीनेच. आता प्रश्न उरला तो तुलच्या फ्रेंच नमुन्याचा आणि ट्रेड गनचा. दोन्हींच्या दस्त्यांचा आकार फार वेगळा दिसतो. फ्रेंच नमुन्याचा दस्ता खाली वाकून गाईच्या खुरासारखा होतो, तर ट्रेड गनचा बराच सरळ आहे. याचा गालावर काय परिणाम होतो, हे कोणी वापरून पाहिले आहे काय? आणि गारगोटीविषयी विचारायचे आहे. आमच्या काळ्या वावरात नांगरताना गारगोट्यांचे ढीग निघतात. त्यांतल्या चार त्याला पाठवल्या तर चालतील का?

मोर्शीचा संत्रेवाला यांचे उत्तर:

माझा मुलगा कॅनडात असतो आणि त्याच्याकडे ट्रेड गन आहे, ती मी तिथे गेलो असता दोन दिवस रेंजवर हाताळली आहे. म्हणून मास्तरांच्या २० बोअरला थोडा विरोध नोंदवतो. ती बंदूक तीन किलोच्या आसपास होती, नळी ३६ इंची होती, आणि चापाभोवतीची लोखंडी कडी इतकी मोठी होती की लोकरी हातमोज्यासकट बोट आत जात होते. बर्फात उभे राहणाऱ्याला हे केवढे सुख आहे, ते मे महिन्यात ४५ अंशांत बसून आपल्याला कळणार नाही. डाव्या अंगाला पितळेचा नागासारखा दिसणारा पट्टा असतो. जुने गिऱ्हाईक तो पट्टा पाहिल्याशिवाय बंदूक घेत नसे, असे मुलाने सांगितले. दस्ता सरळ असल्यामुळे धक्का खांद्यात मागे जातो. फ्रेंच बंदूक मी एकदाच उडवली आणि तिने माझ्या गालफडावर चांगली चापट मारली, पण ती माझी सवय नसल्यामुळेही असेल.

२४ बोअरची अडचण एकच: त्या मापाचे बोळे चटकन मिळत नाहीत. मुलगा स्वतः पुठ्ठा कापतो. कोरड्या गवतात काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा वापरू नये, तो धुमसत पडतो.

दर्यापूरकर यांचे उत्तर:

संत्रेवाल्यांचा मुद्दा रास्त आहे, आणि त्यावर तोडगाही आहे: ट्रेड गनचाच नमुना २० बोअरच्या नळीसह देणारे लोक आहेत. इतिहासाच्या काटेकोर जाणकारांच्या भुवया उंचावतील, पण खारीला त्याचे काही नाही. फ्रेंच दस्त्याची चापट मलाही बसली आहे. दस्त्याचा वरचा कंगोरा गालाच्या हाडाखाली नीट घेतला तर बसत नाही, पण सवय व्हायला एक हंगाम जातो.

गारगोटीचे असे आहे की आपल्या वावरात निघणारी बहुतेक गारगोटी ही दख्खनच्या काळ्या खडकातल्या पोकळ्यांमध्ये तयार झालेली, अकीकाच्या जातीची असते. ठिणगी ती देते, आपले गोवारी कापसावर आग पाडत आले ते तिच्यावरच. पण लॉकमधल्या इंग्रजी काळ्या किंवा फ्रेंच मधाळ गारगोटीची धार आपटताना स्वतःच बारीक-बारीक उडून नवी होत राहते, तशी अकीकाची होत नाही. ती गुळगुळीत होऊन बसते आणि झडप मात्र खरवडते. आठवण म्हणून एक पाठवा, घोड्याच्या जबड्यात बसवू नका.

बार भरण्याविषयी कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. पहिल्याच दिवशी रिकाम्या नळीत गज टाकून तोंडाशी एक खूण करावी आणि बार भरल्यावर दुसरी. पुढे दर वेळी गजाने स्वतःच सांगावे की आत काय आहे. तसेच डब्यातून थेट नळीत दारू ओतू नये, नेहमी मापातून ओतावी, कारण आधीच्या बाराचा निखारा आत असला तर मापातली चिमूटभर पेटेल, हातातला डबा नाही. संध्याकाळी घरी आल्यावर साबणाचे गरम पाणी नळीतून फिरवणे टाळू नये. या दारूची काजळी हवेतले पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज धरतो.

निवृत्त मास्तर यांचे उत्तर:

२० बोअरची ट्रेड गन असेल तर माझी काही तक्रार नाही. मी हरलो असे म्हणत नाही, पण हातमोज्याचा विचार मला सुचला नव्हता.

बंडीवाला (आर्वी तालुका) यांचे उत्तर:

काल रात्री भावाला व्हिडिओवर उभे केले आणि त्याच्या बायकोने शिलाईच्या टेपने कोपरापासून पेरापर्यंत मोजले. १३ इंच आले. त्याने पाहिलेल्या ट्रेड गनच्या किटमधला दस्ता १३.७५ इंचांचा आहे, पण विक्रेत्याने कळवले आहे की मागची पितळी पट्टी बसवण्यापूर्वी तो कापून आखूड करता येतो. वडिलांनी ते ऐकून लगेच सांगितले की कापताना टाच आणि अंगठा (दस्त्याच्या मागच्या टोकाची वरची आणि खालची कड) यांचा कोन तोच राहिला पाहिजे, नाहीतर नळी जमिनीकडे पाहील. तो कोन आधी पुठ्ठ्यावर उतरवून ठेवायला त्यांनी भावाला लावले आहे. नळी २० बोअरची, ३६ इंची, कान पाडलेली. लॉक वेगळ्या नावाजलेल्या कारागिराचे, त्यासाठी शंभरेक डॉलर जास्त पडत आहेत आणि ते द्यायचे ठरले आहे.

पैसे अजून भरलेले नाहीत. वडिलांची एक अट राहिली आहे. दस्ता जिथे सर्वांत बारीक असतो, म्हणजे लॉकच्या मागे आपण मुठीत धरतो ती जागा, तिथे लाकडाच्या रेषा लांबीला धरून जात आहेत की तिरप्या तुटत आहेत, याचे दोन्ही अंगांनी काढलेले फोटो विक्रेत्याकडून आले पाहिजेत. बंडीच्या दांडीला जे लाकूड ते घेणार नाहीत, ते मुलाच्या गालाजवळ जाऊ देणार नाहीत, असे त्यांनी सांगितले आहे. फोटो आले की येथे टाकतो. सागवानसाहेबांनी कृपया नजर टाकावी.